सात पायऱ्या

मागच्या वर्षी महावीर जयंतीच्या आधी सौंसरला महिला मंडळाची बैठक झाली. विषय नेहमीचाच, जयंतीनिमित्त काय वाटायचं? कुणी वह्या म्हणालं, कुणी रुग्णालयात फळं. मग एकीनं सुचवलं, यंदा दिव्यांगांना चाकाच्या खुर्च्या देऊ, फोटोही चांगला येतो. सगळ्यांना पटलं. मी पांढुर्ण्याहून गेले होते आणि माझ्यासोबत आमच्या मोठ्या नणंदबाई होत्या. त्यांना सगळं गाव ताईच म्हणतं. दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला, डावा पाय गेला. कुबडी घेऊन चालतात, पण कुणाच्या हाताला धरत नाहीत.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, पहिली खुर्ची तुम्हालाच देऊ."

ताई म्हणाल्या, "मले खुर्ची नोको वो. देवळाच्या सात पायऱ्या हायेत, त्याइचं काय करता थे सांगा."

बैठक एकदम गप्प झाली. मग चहा आला आणि विषय पुढच्या वेळेवर गेला.

परतीच्या वाटेवर एसटीत (आपल्याकडं एसटी राहिली नाही, पण सवयीनं तोंडात तेच येतं) मी विचार करत होते. खुर्ची देणं आणि पायरी काढणं यात फरक काय? खुर्ची आपण देतो, तेव्हा देणारे आपण मोठे. पायरी काढली तर कुणी कुणाला काही दिलेलं नसतं, ती बाई आपल्या पायानं, आपल्या वेळेला दर्शनाला येते. एक दया आहे, दुसरा हक्क आहे. एवढी साधी गोष्ट, पण ती या देशाच्या संसदेत पोचायला किती वर्षं लागली, कुणी पोचवली, हे शोधायला बसले तेव्हा मीच चकित झाले. बी.ए.ला इतिहास होता माझा. पण त्या इतिहासात लढाया होत्या, तह होते, व्हाइसरॉय होते. ताईसारख्या बाईचा पाय कुठल्याच धड्यात नव्हता.

ताईंचा जन्म १९५६ चा. हे साल आपल्या भागाला विसरता येत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेलं जुनं मध्य प्रदेश राज्य मोडलं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे मराठी बोलणारी सौंसर-पांढुर्ण्याची माणसं एका बाजूला आणि नागपूर दुसऱ्या बाजूला. राजधानी भोपाळ झाली, पण आजारी पडलं की गाडी अजूनही नागपूरकडंच वळते. आपल्या बायांना हे सांगायला नको. बाळंतपण अडलं, मुलाचा ताप उतरेना, म्हाताऱ्याचं हाड मोडलं, की पहिला प्रश्न, "नागपूरले केव्हा न्याचं?"

त्या जुन्या प्रांतानं एक चांगली गोष्ट केली होती. १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपाध्यक्षाच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, नागपूरच्या अनसूयाबाई काळे. पुढं १९५२ साली पहिल्या लोकसभेत नागपूरहून त्या निवडून गेल्या. बाई सभागृहात बसू शकते आणि सभागृह चालवूही शकते, हे आपल्या मुलखानं तेव्हाच पाहिलं होतं.

पण मला आज सांगायची आहे ती दुसऱ्या एका बाईची गोष्ट. ती जन्मानं तेलुगू आणि लग्नानं आपली, म्हणजे देशमुखांची सून. दुर्गाबाई देशमुख.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ चा, राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठी झाल्यावर ते लग्न त्यांनी मानलं नाही, देशाच्या कामात पडल्या. शाळेत इंग्रजीची सक्ती झाली म्हणून बारा-तेरा वर्षांच्या वयात शाळा सोडली आणि घरीच मुलींसाठी हिंदीचे वर्ग काढले. १९२३ साली काकिनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. तिथल्या प्रदर्शनाच्या दारावर ही पोर स्वयंसेविका होती. तिकीट नसलेल्या कुणाला आत सोडायचं नाही, असा नियम. पंडित नेहरू आले, त्यांच्याकडं तिकीट नव्हतं. हिनं त्यांनाही अडवलं. आयोजक रागावले, पण तिकीट आल्यावरच तिनं त्यांना आत सोडलं. मला ही गोष्ट फार आवडते. नियम सगळ्यांना सारखा, हे जिला चौदाव्या वर्षी कळलं, ती पुढं घटना लिहिताना काय करेल याचा अंदाज येतो.

मिठाच्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. तिथं त्यांनी दुसऱ्या कैदी बाया पाहिल्या. कित्येकींना आपल्यावर खटला कशाचा आहे, हेही सांगता येत नव्हतं. अक्षर नाही, वकील नाही, विचारणारं कुणी नाही. बाहेर आल्यावर दुर्गाबाईंनी सुटलेली शाळा पुन्हा धरली. मॅट्रिक केलं, बी.ए. केलं, मग मद्रासला कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली. १९३७ साली मद्रासला आंध्र महिला सभा काढली. त्या संस्थेत नुसतं शिवणकाम-भरतकाम नव्हतं. शाळा सुटलेल्या मोठ्या बायांना परीक्षेला बसवायचे वर्ग होते, पुढं दवाखाना आला, नर्सिंगचं शिक्षण आलं आणि पोलिओनं हातपाय गेलेल्या मुलांसाठी ऑर्थोपेडिक केंद्रही आलं. दिल्लीत त्या अंध साहाय्य संस्थेच्या अध्यक्ष होत्या. तिथं त्यांनी अंध मुलांसाठी शाळा-वसतिगृह आणि हलक्या यंत्रकामाची कार्यशाळा काढली. खुर्च्या विणण्यापुरतंच अंधांचं काम, असं जग समजत होतं. दुर्गाबाईंनी त्यांच्या हातात यंत्र दिलं.

घटना समितीत त्या मद्रासहून निवडून गेल्या. अध्यक्ष नसताना सभा चालवायला सभासदांचं एक मंडळ असे, त्यात एकटी बाई दुर्गाबाई. आता एक गंमत पाहा. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळं सगळ्यांना खुली करण्याचा कायदा राज्याला करता यावा, अशी तरतूद मसुद्यात होती. त्यात शब्द होते, "कोणत्याही वर्गाला किंवा विभागाला". डिसेंबर १९४८ मध्ये दुर्गाबाईंनी दुरुस्ती मांडली की त्याजागी "सर्व वर्गांना आणि विभागांना" असे शब्द घाला. दुरुस्ती मान्य झाली. आजही घटनेच्या २५ व्या कलमात तेच शब्द आहेत, आणि त्याच कलमाच्या खुलाशात शीख, जैन, बौद्ध संस्थांचाही उल्लेख आहे. "कोणत्याही" म्हटलं की सरकार एकाला उघडून दुसऱ्याला टाळू शकतं. "सर्व" म्हटलं की पळवाट राहत नाही.

दुर्गाबाईंच्या डोक्यात तेव्हा अस्पृश्य मानलेली माणसं होती, आणि ते बरोबरच होतं. ज्यांच्या तोंडावर दार लावलं जात होतं, त्यांचा प्रश्न आधी. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी सौंसरच्या बैठकीत ताई जेव्हा सात पायऱ्या मोजून दाखवतात, तेव्हा वाटतं, तो "सर्व" शब्द अजून पुरता वापरलेला नाही. दार उघडलं, पण उंबऱ्यापर्यंत पोचायचं कसं?

घटनेत आणखी एक कलम आहे, ४१ वं. काम, शिक्षण आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यात सरकारी मदत मिळण्याचा हक्क राज्यानं द्यावा, असं त्यात आहे. किती सुंदर! पण पुढचे शब्द वाचले की मन खट्टू होतं. राज्याच्या "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत", असं म्हटलंय. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. आपल्या घरातही असंच असतं की नाही? लग्नाला कुवत असते, सोन्याला असते. अपंग मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की कुवत आठवते.

त्यावर आणखी एक गाठ. घटनेत कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा, याच्या याद्या आहेत. राज्यांच्या यादीत नववी नोंद आहे, "अपंगांना आणि नोकरीस अपात्र असणाऱ्यांना साहाय्य". म्हणजे हा विषय दिल्लीचा नव्हे, राज्याचा. शब्दही पाहा, साहाय्य. दुष्काळात करतात तसं. अपंग आणि कामाला अपात्र यांना एकाच ओळीत बसवलेलं.

१९५० ते ५२ हंगामी संसद होती, तीत दुर्गाबाई होत्या. १९५२ च्या निवडणुकीत त्या हरल्या. पण नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर घेतलं आणि तिथून त्यांनी वेगळी वाट काढली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत समाजकल्याणाच्या स्वयंसेवी संस्थांसाठी ४ कोटी रुपये राखले गेले. ते वाटायला ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी, २२ जानेवारीला, त्यांचं चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं. नेहरू साक्षीदार होते. चिंतामणराव म्हणजे सी. डी. देशमुख, रायगडाजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हाचे अर्थमंत्री. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे त्यांची सनदी नोकरी आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात सुरू झाली आणि बरीच वर्षं इथंच झाली. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या घरात एकाकडं देशाची तिजोरी होती आणि दुसरीकडं देशातल्या विधवा, अनाथ, अंध, पांगळ्यांची यादी.

समाजकल्याण मंडळाचं काम नुसतं देणग्यांचं नव्हतं. १९५८ साली मंडळानं मोठ्या वयाच्या बायांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केला. लहानपणी शाळा सुटलेल्या बायांना दोन-एक वर्षांत परीक्षेपर्यंत नेऊन नर्स, शिक्षिका, ग्रामसेविका व्हायच्या लायकीचं करायचं, असा तो बेत. दुर्गाबाईंनी स्वतः जे केलं होतं, तेच देशभराच्या बायांसाठी. त्याच वर्षी राष्ट्रीय स्त्री शिक्षण समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं.

आणि त्याच १९५८ साली पांढुर्ण्यात दोन वर्षांच्या ताईंना ताप आला. ताप उतरला तेव्हा पाय उठेना. सासूबाई सांगत, अंगारे झाले, तेल झालं, नागपूरच्या डॉक्टरांनी "आता काही नाही" म्हटलं. ताई चौथीपर्यंत शिकल्या. पुढची शाळा लांब, मध्ये नाला. मोठा भाऊ सायकलवर नेत असे, त्याचं लग्न झालं आणि ताईंची शाळा संपली. "तिले शिकून काय करा लागते," असं घरात कुणी रागानं म्हटलं नाही, मायेनंच म्हटलं. मायेनं अडवलेली वाट फार अवघड असते, कारण भांडायलाही कुणी मिळत नाही. ताईंनी शिवणयंत्र शिकलं. एका पायानं पायटा मारून त्यांनी अर्ध्या गावाचे पोलके शिवले. पण आजही वर्तमानपत्र हातात घेतलं की म्हणतात, "दहावी झाली असती तं..." आणि वाक्य तिथंच सोडतात. मोठ्या बायांसाठी असा शिक्षणक्रम देशात होता, हे त्यांना परवा माझ्याकडून कळलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीत कोणी सांगालेच नाही आलं."

योजना दिल्लीत असते, गल्लीत येत नाही, हे दुखणं आजचं नाही.

पण दुर्गाबाई जे करत होत्या तेही, मोठं असलं तरी, बरंचसं कल्याणच होतं. अपंग माणूस स्वतः सभागृहात उठून बोलेल, तेव्हा गोष्ट बदलणार होती. ती सुरुवातही १९५३ चीच. त्या वर्षी कलकत्त्याच्या पोटनिवडणुकीतून साधन गुप्त लोकसभेत आले. श्यामाप्रसाद मुखर्जींच्या निधनानं ती जागा रिकामी झाली होती. साधनबाबू कम्युनिस्ट, वकील आणि पूर्ण अंध. लहानपणी देवी आल्या आणि दृष्टी गेली. आपल्या संसदेतले ते पहिले अंध खासदार. १९५७ ला ते पुन्हा निवडून आले, पुढं पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले, अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचं काम केलं. कायद्याच्या मसुद्यावर कलमवार बोलणारा माणूस अंध आहे, हे बाकीच्या सभासदांना रोज दिसत होतं. त्याचा परिणाम भाषणांत मोजता येत नाही. पण विचार करा, पांढुर्ण्यात आंधळ्याला भजनी मंडळात बसवण्यापलीकडं कुणाला काही सुचत नव्हतं, त्या दिवसांतली ही गोष्ट.

घराचा प्रश्न संसदेत नेणाऱ्यांत मला मृणालताई गोरे आठवतात. डॉक्टरीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी. त्यांनी गोरेगावच्या नळाच्या पाण्यापासून सुरुवात केली, म्हणून "पाणीवाली बाई". १९७७ ला उत्तर मुंबईतून त्या लोकसभेत गेल्या, तेव्हा "पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा आपल्याकडंही पोचली होती. मी शाळेत होते, आम्ही मुली ती खेळताना म्हणायचो. पुढं नागरी निवारा परिषदेच्या कामातून, जादा जमिनीच्या कायद्याचा आधार घेऊन, गोरेगावजवळ दिंडोशीला सुमारे सहा हजार घरं साध्या नोकरदार माणसांसाठी उभी राहिली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध विधानसभेत त्यांनी १९८६ साली विधेयक आणलं आणि १९८८ ला महाराष्ट्रानं देशातला त्या विषयाचा पहिला कायदा केला. पाणी, घर, पोटातली मुलगी. ज्याला पुरुष "बायकी प्रश्न" म्हणत, तेच राजकारण आहे, हे मृणालताईंनी दाखवलं.

आता येते १९९५ ची गोष्ट. अपंगांसाठी केंद्राचा कायदा व्हायचा तर ती राज्यांच्या यादीची गाठ सोडवायची होती. वाट अशी निघाली: १९९२ च्या डिसेंबरात बीजिंगला आशिया-पॅसिफिक देशांची परिषद झाली, तिथं अपंगांच्या समान सहभागाचा जाहीरनामा झाला आणि भारतानं त्यावर सही केली. परदेशांशी केलेला करार पाळायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, असं घटनेचं २५३ वं कलम सांगतं. त्या दारातून कायदा आत आला. पण दार आपोआप उघडलं नाही. जावेद आबिदी नावाचा, चाकाच्या खुर्चीवर वावरणारा तरुण आणि त्याचे साथी डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर बसले. अधिवेशन गोंधळात चाललं होतं, संपत आलं होतं. तरी विधेयक मंजूर झालं. १९९६ सालच्या कायद्यांत त्याचा क्रमांक पहिला आहे. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला: सात प्रकारचं अपंगत्व, सरकारी नोकरीत ३ टक्के जागा, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण.

त्याच डिसेंबर १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ सुरू झाला. "दो बूंद" तेव्हापासूनचे. माझ्या धाकट्याला मी स्वतः कडेवर घेऊन बूथवर गेले होते, ताई सोबत होत्या. डोस पाजून झाल्यावर त्यांनी त्याचे दोन्ही पाय हातात घेऊन पाहिले. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ताईंच्या नंतर आमच्या घरात कुणाचा पाय गेला नाही.

मोजणीही हक्काचाच भाग असते. १९८१ च्या जनगणनेत अपंगांची काही मोजदाद झाली होती, १९९१ ला ती गाळलीच. पुन्हा आबिदींसारख्यांनी आवाज उठवला तेव्हा २००१ ला प्रश्न आला आणि २ कोटी १९ लाख माणसं कागदावर आली. २०११ ला ती २ कोटी ६८ लाख झाली, त्यात १ कोटी १८ लाख बाया. मोजलंच नाही तर मागायचं कुणासाठी? जनगणनेवाला घरी आला तेव्हा आमच्या सासऱ्यांनी आधी "अपंग कोणी नाही" असंच सांगितलं होतं. लाज वाटली असेल, नाही तर ताई त्यांच्या लेखी अपंग नव्हत्याच. ताईंनी आतून ओरडून सांगितलं, "मी हाओ ना, लिवा!"

दुसरा कायदा २०१६ चा. २०१४ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांनी विधेयक मांडलं, सरकार बदललं, समितीकडं गेलं, दुरुस्त होऊन आलं. ते मंजुरीला आणलं थावरचंद गेहलोत यांनी, जे आपल्याच मध्य प्रदेशातून राज्यसभेवर होते. नोटबंदीवरून ते अधिवेशन जवळजवळ वाहून गेलं होतं, रोज आरडाओरडा. पण १४ डिसेंबरला राज्यसभेनं आणि १६ डिसेंबरला लोकसभेनं दोन्ही बाजूंच्या एकमतानं हा कायदा केला. एका पक्षानं आणलेलं, दुसऱ्यानं पूर्ण केलेलं. भांडणाऱ्या जावा सासूच्या आजारपणात एक होतात, तसं.

या कायद्यात काय आहे, हे प्रत्येक बाईला ठाऊक असावं म्हणून सांगते. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, त्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आले. सिकलसेल आपल्या भागाला नवा नाही. ठरावीक प्रमाणाच्या अपंगत्वाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तेही जवळच्या शाळेत. उच्च शिक्षणात ५ टक्के, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा. सरकारी योजनेतल्या घरांत आणि शेतजमिनीत ५ टक्के, आणि त्यातही बायांना प्राधान्य. खेड्यातल्या गरजूंना जवळपास मोफत उपचार. म्हणजे शिक्षण, आरोग्य, घर, तिन्ही एका पुस्तकात आणि मागायचं तर हक्क म्हणून.

आणि सार्वजनिक इमारत कशाला म्हणायचं, याच्या व्याख्येत शाळा, दुकान, दवाखाना यांच्या सोबत धार्मिक कार्यासाठी वापरली जाणारी इमारतही आहे, सरकारी असो की खासगी. जुन्या इमारतींत सोय करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले २०१७ ला. हिशेब तुम्हीच करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. ताईंच्या प्रमाणपत्रासाठी आम्हाला ज्या कचेरीत बोलावलं होतं ती वरच्या मजल्यावर होती. ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि हसल्या. "वर जाऊ शकली असती तं कायले आली असती इथं?" शेवटी साहेबांना खाली बोलावून आणलं, ते आले, हे सांगायला हवं.

आणि आपण तरी काय करतो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात. गोटमार आपली परंपरा, चंडीमातेचं नाव घेऊन होते. दर वर्षी शेकड्यांनी जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, आपण दगडच उचलले. पोलिओचा विषाणू आपण देशातून घालवला. पण एका दिवसात डोळा घालवायची, हाड मोडायची ही रीत आपल्याला घालवता येत नाही. ज्या आईच्या पोराला तिथं दगड लागतो, तिला परंपरेबद्दल कुणी विचारत नाही. अहिंसा सांगणाऱ्या घरांतल्या आपण बायाही त्या दिवशी खिडक्या लावून घेतो, एवढंच. दुर्गाबाई असत्या तर खिडकी लावून बसल्या नसत्या, असं मला वाटतं.

आपल्याकडं वैयावृत्य म्हणतात. आजारी, थकलेल्या, चालू न शकणाऱ्याची सेवा. ते तप मानलंय, उपकार नाही. त्यात आहार आहे, औषध आहे, साधन आहे आणि निवाराही आहे. संसदेला जे कळायला १९५० पासून २०१६ पर्यंत गेले, ते आपल्या आजीच्या तोंडी होतं. फक्त आपण ते मुनींपुरतं ठेवलं, घरातल्या ताईपर्यंत आणलं नाही.

दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्यांनी उभारलेलं केंद्रीय समाजकल्याण मंडळ २०२२ साली बंद झालं. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या इमारती बांधल्या जातील. त्यांचे नकाशे पास होत असताना जिन्याबरोबर उतारही आहे का, हे विचारायला कुणी जाणार आहे का?

पुढच्या बैठकीत मी ताईंचा प्रश्न पुन्हा मांडला. खर्चावरून बरीच चर्चा झाली. एकीनं म्हटलं, उतार केला तर देवळाची शोभा जाईल. तेव्हा मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, गुडघ्यांनी बेजार झालेल्या, हळूच म्हणाल्या, "मीबी चार वर्सापासून खालूनच हात जोडतो वो. कोणाले सांगू?" मग आणखी दोघी बोलल्या. सातव्या महिन्यातली एक सून बोलली. सात पायऱ्या एकट्या ताईंना अडवत नव्हत्या.

उतार अजून झालेला नाही. गवंड्यानं माप घेऊन गेलाय, एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी लागते म्हणतो, जागा बसवायची आहे. विश्वस्तांची सही राहिली आहे. खुर्च्यांसाठी जमवलेले पैसे बाजूला ठेवलेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या देवळाला, शाळेला, दवाखान्याला किती पायऱ्या आहेत? उद्या जाल तेव्हा मोजा. आणि घरी आल्यावर ज्यांनी त्या कधीच चढल्या नाहीत, त्यांना विचारा.